मागच्याला कळलं पाहिजे: जुन्या गाडीचे ब्रेक लाइट आणि इंडिकेटर

गेल्या जुलैत सासवडहून परतताना दिवे घाट उतरत होते. संध्याकाळ झाली होती, बारीक पाऊस लागला होता आणि पुढे ट्रकची रांग असल्याने सारखा ब्रेक दाबावा लागत होता. घाट संपवून वडकीपाशी आले, तशी एक बाइक माझ्या खिडकीला येऊन भिडली. रेनकोटातल्या मुलाने काच वाजवली. "काकू, तुमचे ब्रेक लाइट लागत नाहीत. दोनदा धडकता धडकता वाचलो."

मी गाडी कडेला घेतली. तो मुलगा पावसातच मागे जाऊन उभा राहिला. मी पेडल दाबलं आणि ओरडून विचारलं, "आता?"

"लागतायत की," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण लागलेत हे कळत नाही हो."

गाडी १९८३ची प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी घेतलेली, आमच्या घरात आजही तिला फियाटच म्हणतात. इंजिन, ब्रेक, टायर यांची मी डोळ्यांत तेल घालून काळजी घेते. पण मागचे दिवे 'लागतात ना' एवढंच बघत आले होते. त्या मुलाने जो फरक सांगितला, तो समजून घ्यायला मला दोन महिने लागले. जुनी फियाट, अ‍ॅम्बेसेडर, हेराल्ड किंवा जीप रस्त्यावर चालवणाऱ्या कुणालाही तो उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे. विजेची भीती वाटणाऱ्यांनीही वाचावं. मलाही वाटायची.

एका बल्बमधल्या दोन तारा

मागच्या लाल काचेआड बहुतेक जुन्या गाड्यांत एकच बल्ब असतो, पण त्याच्यात तारा दोन असतात. दुकानात त्याला डबल कॉन्टॅक्ट बल्ब म्हणतात, कारण बुडाशी शिशाचे दोन ठिपके असतात. एक तार ५ वॅटची. हेडलाइटबरोबर ती लागते आणि 'इथे गाडी आहे' एवढंच सांगते. दुसरी २१ वॅटची, ती ब्रेक दाबल्यावरच लागते.

५ आणि २१ म्हणजे साधारण चौपट, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात प्रकाशाचा हिशेब वेगळा निघतो. प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात, आणि या प्रमाणित बल्बच्या ५ वॅटच्या तारेतून सुमारे ३५ ल्युमेन, तर २१ वॅटच्या तारेतून सुमारे ४४० ल्युमेन प्रकाश मिळतो. म्हणजे बारा पटींहून जास्त. तार जितकी जास्त तापते, तितका तिच्यातल्या विजेचा मोठा वाटा उष्णतेऐवजी उजेडात जातो, म्हणून ही तफावत पडते.

ही बारा पटींची उडीच मागच्या माणसाला कळते. त्याचा डोळा तुमच्या दिव्याची तीव्रता मोजत बसत नाही. आत्ता होतं त्यापेक्षा एकदम काहीतरी बदललं, हे तो टिपतो आणि त्याचा पाय ब्रेककडे जातो. रात्री मागचा साधा दिवा आधीच लागलेला असतो, तेव्हा ब्रेकची खूण म्हणजे ही उडीच. ती बारा पटींवरून चार-पाच पटींवर आली, त्यात काच मळलेली असली आणि वर पाऊस असला, की 'लागतायत, पण कळत नाही' अशी अवस्था होते.

उडी कमी का होते? सगळ्यात सोपं कारण आधी सांगते, कारण ते फुकटात दुरुस्त होतं: बल्ब उलटा बसलेला असणं. डबल कॉन्टॅक्ट बल्बच्या दोन्ही बाजूंच्या खिळ्या मुद्दाम वरखाली असतात, म्हणजे तो एकाच पद्धतीने बसावा. पण चाळीस वर्षांचा होल्डर झिजलेला असतो, आणि कुणीतरी जोर लावून बल्ब उलटा फिरवतो. मग रात्री २१ वॅटची तार सतत जळते आणि ब्रेक दाबला की तिच्यात ५ वॅटची भर पडते. ती भर मागच्याला दिसणं अशक्य. एक बाजू दुसरीपेक्षा सतत जास्त उजळ दिसत असेल, तर आधी हे बघा.

माझ्या गाडीत मात्र बल्ब सरळ होते. दोष दुसरीकडे होता.

तुंबलेली मोरी

पुण्यात नाना पेठेत जुन्या गाड्यांचं वायरिंग करणारे एक चाचा आहेत. मी त्यांच्याकडे गेले ती एलईडी बल्ब बसवून घ्यायचे असं ठरवूनच. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, आधी जो आहे तो बल्ब पूर्ण जेवू दे. मग बघू नवीन."

त्यांनी एक लांब वायर काढली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं टोक डिकीच्या आतून मागच्या होल्डरच्या पत्र्याला टेकवलं. मला ब्रेक दाबायला सांगितलं. भिंतीवर पडलेला लाल उजेड दिसेल इतका वाढला. वायर काढली की मंद, टेकवली की लख्ख. तेच बल्ब, तीच बॅटरी. मी ते चार-पाच वेळा करून बघितलं, इतकं ते अविश्वसनीय वाटत होतं.

झालं होतं असं. वीज बॅटरीतून निघून बल्बपर्यंत वायरने जाते, पण परत बॅटरीकडे येते ती गाडीच्या पत्र्यातून. होल्डर दिव्याच्या घराला जोडलेला, ते घर दोन स्क्रूंनी बॉडीला जोडलेलं, आणि बॉडी बॅटरीला. या परतीच्या वाटेला अर्थ म्हणतात. नवी गाडी असताना ही वाट मोकळी असते. पुढे चाळीस पावसाळ्यांत स्क्रूखाली गंज धरतो. मध्ये कधीतरी डेंटिंग-पेंटिंग होतं आणि पेंटर स्क्रूच्या भोकातही रंग मारतो. रंग म्हणजे विजेच्या वाटेवर बांधलेली भिंतच.

घरातल्या मोरीसारखं समजा. नळ कितीही मोठा सोडला, पण मोरी तुंबली असेल, तर पाणी निघणार नाही. उलट उंबरठ्यावरून शेजारच्या खोलीत शिरेल. विजेचंही तेच होतं. अर्थ तुंबला की ब्रेकची वीज परतीची दुसरी वाट शोधते, शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटी शिरते, आणि मग ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर लुकलुकतो. 'गाडीला भूत लागलंय' असं ज्याला आपण म्हणतो, ते बहुतेक वेळा तुंबलेला अर्थ असतो.

आता यातली खरी मेख. तुंबलेला अर्थ दोन्ही तारांचं सारखं नुकसान करत नाही. समजा गंजामुळे वाटेत १ ओहमचा अडथळा आला. ५ वॅटची तार जेमतेम ०.४ अँपिअर वीज घेते, त्यामुळे तिचे ०.४ व्होल्टच वाया जातात. २१ वॅटची तार चौपट वीज ओढते, म्हणून तिचे दीड व्होल्टच्या आसपास जातात. आणि बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने पडतो. दीड व्होल्ट कमी पडले, तर उजेडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. तीन व्होल्ट गेले तर निम्म्याहून जास्त. म्हणजे साधा दिवा होता तसाच राहतो आणि ब्रेकचा तेवढा झोपतो. उडी वरून आवळली जाते. घाटातल्या त्या मुलाला दिसलं ते हेच.

हे घरी तपासता येतं. तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, मिळणारा साधा मल्टीमीटर पुरेसा आहे. तो डीसी व्होल्टवर ठेवायचा, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं, एक सुई होल्डरच्या पत्र्याला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावायची. वाट मोकळी असेल तर आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. माझ्या उजव्या बाजूला १.८ आला. मग दुसरं मोजमाप: एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी बल्बच्या बुडाच्या ब्रेकवाल्या ठिपक्याला भिडणाऱ्या पत्तीला. इथे किती व्होल्ट जाताना हरवले ते कळतं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर, फ्यूज किंवा ब्रेकचा स्विच यांपैकी कुणीतरी खातंय. मोजताना बल्ब जागेवर आणि पेटलेला हवा. बल्ब काढून मोजलं तर वीज वाहतच नाही, आणि मीटर सगळं छान असल्याचं खोटंच सांगतो.

दुरुस्ती सोपी पण कंटाळवाणी. दिव्याचं घर काढायचं, स्क्रूची जागा आतून पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायची, होल्डरच्या आतली बाजूही घासायची, नवे स्क्रू लावायचे आणि वरून पेट्रोलियम जेली फासायची, म्हणजे पुन्हा ओल शिरत नाही. चाचांनी याच्या पुढे जाऊन प्रत्येक होल्डरला वेगळी काळी वायर डागली आणि दोन्ही बाजूंच्या वायरी डिकीत एका जाड बोल्टवर आणून बांधल्या. बॉडीच्या गंजावर अवलंबून राहणं संपलं. मला विचाराल तर जुन्या गाडीच्या दिव्यांसाठी करायचं एकच काम निवडायचं असेल, तर हे करा. दोन-तीन तास जातात आणि गाडीच्या मूळ रूपाला कुठेही धक्का लागत नाही.

फ्यूजकडेही लक्ष द्या. आमच्या फियाटमध्ये चिनी मातीच्या छोट्या कांडीवर पत्ती बसवलेले फ्यूज आहेत. पत्तीची टोकं काळी पडतात, फ्यूज तुटलेला नसतो पण वीज अडते. काढून टोकं आणि त्यांना धरणाऱ्या पत्त्या घासल्या की झालं.

ब्रेकचा स्विच काही गाड्यांत पेडलपाशी असतो, काहींत ब्रेक ऑइलच्या लाइनवर. ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच म्हातारा झाला की हलक्या ब्रेकला दाद देत नाही, पाय चांगला रुतवल्यावरच दिवा लागतो. सिग्नलपाशी हळूहळू थांबताना हा उशीर धोक्याचा आहे. मदतनीस मागे उभा करून पेडल अगदी सावकाश दाबत तपासा. जुने बल्बच ठेवणार असाल तर स्विचचा भार कमी करायला रिले बसवता येतो. दोन बल्बचे मिळून साडेतीन अँपिअर या बिचाऱ्या स्विचमधून जातात आणि त्याचे कॉन्टॅक्ट जाळतात. रिले घातला की स्विच फक्त रिलेला इशारा देतो आणि खरी वीज बॅटरीतून फ्यूजमार्गे, जाड वायरने थेट दिव्यांकडे जाते. वायर दीड स्क्वेअरची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाची घ्या. अर्ध्या स्क्वेअरच्या पाच मीटर वायरमध्येच साडेतीन अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून जास्त हरवतात.

ज्यांच्या गाडीत वीज बनवायला अल्टरनेटरऐवजी अजून जुना डायनामो आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. इंजिन आयडलवर असताना डायनामो जवळपास काहीच देत नाही. सिग्नलला उभे आहात, हेडलाइट चालू, वायपर चालू, ब्रेकवर पाय, आणि सगळा भार बॅटरीवर. उभ्या गाडीला ब्रेक लाइटची सर्वाधिक गरज असते तेव्हाच तो मंदावतो. माझ्या गाडीला वडिलांनीच नंतर अल्टरनेटर बसवून घेतला होता, म्हणून हा त्रास मला नव्हता. पण डायनामोवाल्यांना एलईडीचा फायदा माझ्याहून जास्त आहे.

आता एलईडी

अर्थ दुरुस्त झाल्यावर जुन्याच बल्बांनी गाडी इतकी चांगली दिसू लागली की मी महिनाभर तशीच चालवली. तरी एलईडी घ्यावेसे वाटण्याला एक ठोस कारण होतं: वेळ.

बल्बची तार थंड असते, ती तापून पूर्ण उजेड द्यायला साधारण एक पंचमांश सेकंद जातो. एलईडीत तापायचं काही नसतंच, ती तत्क्षणी पेटते. एक पंचमांश सेकंद म्हणजे किती, हे अंतरात मोजा. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात ३.३ मीटर पुढे सरकते. म्हणजे जवळजवळ अख्ख्या फियाटच्या लांबीएवढं अंतर. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मागून भरलेला ट्रक येत असेल, तर हे तीन मीटर मला हवे आहेत.

पण एलईडी म्हणून जे मिळतं ते सगळं उपयोगाचं नसतं. मी पहिल्यांदा घेतलेली जोडी पांढरी होती, दिसायला प्रखर, किंमत कमी. बसवली आणि मागे जाऊन बघितलं तर लाल काच गुलाबी दिसत होती आणि उजेड जुन्या बल्बपेक्षा कमी. कारण असं की पांढरी एलईडी मुळात निळी असते, तिच्यावर पिवळसर लेप देऊन तो प्रकाश डोळ्याला पांढरा भासवलेला असतो. त्यात निळा आणि हिरवा-पिवळा भरपूर, पण लाल थोडाच. लाल काच फक्त लाल तेवढंच बाहेर सोडते, बाकी सगळं आतच अडवते. तारेच्या बल्बच्या उजेडात लाल मुबलक असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. म्हणून नियम साधा आहे: लाल काचेमागे लाल एलईडी, नारिंगी काचेमागे नारिंगी. नंबर प्लेटवर मागच्याच दिव्यातून उजेड पडत असेल, तर तिथे मात्र पांढरा उजेडच हवा, त्यामुळे तशा गाडीत तो वेगळा विचार करावा लागतो.

दुसरी गोष्ट आकाराची. दिव्याच्या घरातला चकचकीत वाडगा आणि काचेवरच्या बारीक रेघा या एका ठरावीक जागी असलेल्या छोट्या तारेसाठी घडवलेल्या असतात. तार चहूबाजूंना उजेड फेकते, वाडगा तो गोळा करतो, काच तो डावी-उजवीकडे पसरवते. आपल्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत दिवा तपासतात तेव्हा समोरून किती उजेड पडतो एवढंच बघत नाहीत, ठरलेल्या वेगवेगळ्या कोनांतून मोजतात. स्वस्त एलईडीत उजेड देणारे सगळे ठिपके बल्बच्या टोकाला, मागे तोंड करून बसवलेले असतात. नेमकं मागून बघितलं तर डोळे दिपतात, आणि थोडं बाजूला सरकलं तर दिवा गायब. शेजारच्या लेनमधून येणाऱ्या स्कूटरवालीला तो दिसतच नाही. म्हणून एलईडीचे ठिपके बल्बच्या अंगाभोवती, कणसाच्या दाण्यांसारखे असावेत आणि त्यांची उंची जुन्या तारेच्या उंचीशी जुळावी. दुकानातच जुना बल्ब शेजारी धरून बघा.

तिसरी गोष्ट पुन्हा उडीचीच. बल्बमध्ये साधा दिवा आणि ब्रेक यांत बारा पटींचा फरक होता. कितीतरी एलईडींत साधा दिवाच इतका प्रखर ठेवलेला असतो की ब्रेक दाबल्यावर दुपटी-तिपटीच्या वर फरक पडत नाही. असा दिवा घेणं म्हणजे पैसे देऊन पुन्हा 'लागतायत, पण कळत नाही' या जागी येणं. दुकानदाराला बारा व्होल्टच्या बॅटरीवर दोन्ही कॉन्टॅक्ट आळीपाळीने लावून दाखवायला सांगा. साधा दिवा शांत, जवळजवळ मंद वाटला पाहिजे. ब्रेक एकदम उठून दिसला पाहिजे. फरक सांगावा लागत असेल तर तो बल्ब ठेवून द्या.

अति प्रखरही नको. सिग्नलला आपल्या मागे दोन हातांवर दुचाकीवाले उभे असतात, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला आपले दिवे येतात. ब्रेक दाबल्यावर फडफडणारे दिवे तर अजिबात बसवू नका. आणि जुन्या होल्डरमध्ये जास्त वॅटचे तारेचे बल्ब घालण्याच्या फंदात पडू नका. काच प्लॅस्टिकची आहे, ती उष्णतेने वाकडी होते, आणि अशी काच आज सहज मिळत नाही.

एलईडीला दिशा कळते, हेही लक्षात असू द्या. तारेच्या बल्बला वीज कुठून आली याने फरक पडत नाही, एलईडीला पडतो. मॉरिस मायनर किंवा लँडमास्टरसारख्या जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असू शकतो. तिथे नेहमीचा एलईडी पेटणारच नाही, त्या जोडणीसाठी बनवलेला घ्यावा लागतो. सहा व्होल्टच्या गाड्यांचेही बल्ब वेगळे.

आणि एलईडी कमी वीज खाते म्हणून अर्थ दुरुस्त न करताच ती बसवावी, असा मोह होतो. उलट होतं. तुंबलेल्या अर्थातून जी चोरटी वीज इकडे तिकडे शिरते, ती तारेच्या बल्बला जाणवतही नाही, पण एलईडी तेवढ्यावर मिणमिणायला लागते. एलईडीने जुने दोष झाकले जात नाहीत, ते उघडे पडतात.

इंडिकेटरची टिकटिक

इंडिकेटरच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे मध्ये फ्लॅशर असतो. इंडिकेटर दिल्यावर डॅशबोर्डामागून येणारी टिकटिक ती याची. जुन्या फ्लॅशरमध्ये उष्णतेवर वाकणारी पट्टी किंवा ताणली जाणारी तार असते. दिव्यांकडे जाणारी वीज तिला तापवते, ती हलते, जोडणी बदलते, मग निवते आणि परत येते. म्हणजे घड्याळ चालवायचं काम दिव्यांची वीजच करते. पुढचा एक आणि मागचा एक असे २१-२१ वॅटचे दोन बल्ब, मिळून साडेतीन अँपिअर, या हिशेबाने ती पट्टी घडवलेली असते.

त्या जागी एलईडी बसवल्या की वीज इतकी कमी वाहते की पट्टी पुरेशी तापतच नाही. दिवा लागून नुसता राहतो किंवा लागतच नाही. नंतरच्या काळातला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर असेल तर उलट होतं: त्याला वाटतं एक बल्ब उडाला, आणि तो दुप्पट वेगाने फडफडून चालकाला तसा इशारा देतो. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा हे मान्य प्रमाण आहे. त्याहून जलद असेल तर मागच्याला तो वळण्याची खूण न वाटता बिघाड वाटतो.

यावर दोन उपाय सांगतात. एक म्हणजे दिव्याशेजारी ६ ओहमचा जाड रेझिस्टर जोडून खोटा भार तयार करणं. हा मला पटत नाही. इंडिकेटर चालू असताना त्या रेझिस्टरमधून २५ ते ३० वॅट उष्णता होते, तो चटका बसेल इतका तापतो, आणि वाचवलेली वीज पुन्हा जाळायची तर एलईडीचा फायदा काय राहिला? दुसरा उपाय एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवणं, जो भार कितीही असला तरी आपल्या तालाने चालतो. त्याला स्वतःचा अर्थ लागतो. बसवताना एका ठिकाणी फसगत होते: जुन्या तीन टोकांच्या फ्लॅशरवर 'पी' लिहिलेलं टोक डॅशबोर्डच्या दिव्यासाठी असतं, आणि नव्यावर त्याच जागी 'ई' म्हणजे अर्थ असतो. जुना कपलर, म्हणजे वायरींचा जोडप्लग, जसाच्या तसा खुपसला तर काम होत नाही. वायरी ओळखून बदलाव्या लागतात.

डॅशबोर्डवर इंडिकेटरचा एकच दिवा असलेल्या काही गाड्यांत आणखी एक कोडं येतं. तो दिवा डाव्या आणि उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो. डावा इंडिकेटर दिला की त्याला वीज डावीकडून मिळते आणि अर्थ उजव्या बल्बांच्या थंड तारांमधून. तारांच्या जागी एलईडी आल्या की कधी हा दिवा लागत नाही, तर कधी त्याच्यातून शिरलेल्या विजेने दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकदम मिणमिणतात. मागच्याला वाटतं गाडी बंद पडली आहे. उपाय दोन डायोडांचा आहे (डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो): दोन्ही बाजूंच्या वायरी डायोडमधून आणून दिव्याच्या एका टोकाला जोडायच्या आणि दुसऱ्या टोकाला स्वतंत्र अर्थ द्यायचा. १एन४००७ हा डायोड तापकीर गल्लीत अगदी किरकोळ किमतीत मिळतो.

हे सगळं समजून घेतल्यावर मी इंडिकेटरना एलईडी बसवल्याच नाहीत. होल्डर घासले, अर्थ दिला, वाडग्याला आतून चंदेरी रंग दिला आणि तारेचे २१ वॅटचेच बल्ब ठेवले. वळण्याची खूण आपण काही सेकंद आधी देतो, तिथे पंचमांश सेकंदाला तेवढं मोल नाही. ब्रेकच्या बाबतीत आहे. एलईडी फक्त लाल काचांमागे बसवल्या.

काच साफ करताना साबणाचं पाणी आणि मऊ फडकं वापरा. पेट्रोल किंवा थिनर लागलं तर प्लॅस्टिकमध्ये बारीक तडे जातात आणि ते कायमचे राहतात.

मागच्या काचेतला तिसरा दिवा

फियाटचे मागचे दिवे खाली आणि लहान आहेत. मागे गाडी चिकटून उभी असली की तिच्या मागच्याला ते दिसतच नाहीत. आधुनिक गाड्यांना मागच्या काचेत मध्यभागी तिसरा ब्रेक लाइट असतो तो यासाठी. अमेरिकेत १९८६च्या मॉडेलपासून कारना तो सक्तीचा झाला. सुरुवातीला टॅक्सींच्या ताफ्यांवर चाचण्या झाल्या तेव्हा मागून धडकण्याचे प्रसंग जवळपास निम्म्याने कमी झालेले दिसले. सगळ्याच गाड्यांना तो आल्यावर नवलाई ओसरली, आणि तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने १९९८ साली केलेल्या मूल्यमापनात दीर्घकाळचा फायदा ४.३ टक्के निघाला. आकडा लहान वाटेल, पण जुन्या गाडीच्या बाबतीत मी तो वेगळ्या नजरेने बघते. मागून येणाऱ्या माणसाच्या डोळ्याला या तिसऱ्या दिव्याची आता सवय झालेली आहे. तो जिथे बघतो तिथे आमच्या गाडीत काहीच नसतं.

मी मागच्या सीटच्या वरच्या फळीवर, काचेला आतून टेकवून एक एलईडी पट्टी ठेवली आहे. वायर ब्रेकच्या वायरला डिकीत जोडलेली, मध्ये कपलर. एकही भोक पाडलेलं नाही. प्रदर्शनाला जायचं असेल तर दोन मिनिटांत निघते. तिला अशी जोडा की ती फक्त ब्रेकबरोबर लागेल, साध्या दिव्याबरोबर नाही. आरशात तिचा लाल उजेड परतून डोळ्यात येत असेल, तर भोवती काळ्या फोमची चौकट चिकटवा.

भोक न पाडण्यामागे कारण आहे. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, आणि 'व्हीए' अक्षरांची ती नोंदणी मिळायला गाडी मूळ रूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. माझी गाडी २०३३ साली पन्नाशी गाठेल, म्हणून मी आत्तापासूनच जपते आहे. अर्थाच्या वायरी, बल्ब आणि फळीवरची पट्टी यांतलं सगळं परत काढता येतं. काढलेले जुने फ्यूज, होल्डर आणि स्क्रू एका डब्यात नावं लिहून ठेवले आहेत.

काम झाल्यावर तपासायला सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या मुलाला पेडलवर बसवलं आणि मी तीस पावलं मागे गेले. आधी भर दुपारी, मग रात्री. समोरून, मग डावीकडे आणि उजवीकडे तिरकं उभं राहून. साधे दिवे लावून, नुसता ब्रेक, ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र, इंजिन चालू आणि बंद. मुलाला सांगितलं होतं, मला न सांगता मध्येच ब्रेक दाब. प्रत्येक वेळी मला कळलं. एकटे असाल तर गाडी भिंतीला पाठ करून लावा आणि आरशात बघा, भिंतीवरचा उजेड खोटं सांगत नाही. मी आता पहिला पाऊस पडायच्या आधी आणि दिवाळीनंतर, असं वर्षातून दोनदा मल्टीमीटरने मोजते. उजव्या बाजूचा तो १.८ आता ०.०५ वर आहे.

एवढं करून एक काम उरलंच आहे. डावीकडची नारिंगी काच उन्हाने इतकी फिकी पडली आहे की आतला उजेड दिवसा पिवळट पांढरा दिसतो. सध्या आत नारिंगी रंग दिलेला बल्ब घालून वेळ भागवली आहे. खरी काच जुन्या बाजारात मिळेल असं चाचा म्हणाले, म्हणून दर रविवारी सकाळी तिथे एक फेरी मारते.